शाळेच्या वाटेवरचं लेकरू : बीड जिल्ह्यातील शाळकरी प्रवासाचा मागोवा



स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा वाटले की शाळेची इमारत, मैदान, गॅदरिंग आणि छडी यांवर लिहिणारे पुष्कळ असतील. म्हणून मी शाळेच्या फाटकाबाहेरचा विषय घेतला. आपल्या वर्गात गावातली मुले होती, तशीच आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून रोज येणारीही होती. हजेरीपटावर सगळ्यांची नावे एकाखाली एक असत. पण पहिल्या तासाला बाकावर बसण्याआधी कोणी दहा मिनिटे चालून आलेले असे, तर कोणी दीड तासाचा प्रवास करून. त्या दीड तासाची नोंद शाळेच्या कोणत्याच वहीत नाही.

तो प्रवास कसा होता, कसा बदलला आणि त्यात लेकरांची काळजी कोणी वाहिली, याचा हा मागोवा आहे. आपल्या जिल्ह्यात हा प्रवास जवळजवळ सगळा रस्त्यावरचाच. परळीला रेल्वे निजामाच्या काळातच पोचली, पण जिल्ह्याच्या गावाला, म्हणजे बीडला, पहिली रेल्वेगाडी यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. बालाघाटाने जिल्ह्याचे दोन भाग केलेले. वर पाटोदा, केज, अंबाजोगाईकडचे पठार आणि खाली गोदाकाठची गेवराई-माजलगावची गंगथडी. मधे मांजरसुंब्याचा आणि धारूरचा घाट. अशा मुलखात शाळा लांब असणे म्हणजे काय, हे इथे वाढलेल्यांना वेगळे सांगायला नको.

घर सोडून शिकणारी पिढी

आपल्या आजोबांच्या काळात बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. सरकारी हायस्कूलची भाषा उर्दू होती आणि मराठी मुलांसाठी धडपडणाऱ्या खासगी शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. अंबाजोगाईचे, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादचे, योगेश्वरी नूतन विद्यालय त्यांपैकी एक. १९३०च्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते, हे आपण इतिहासाच्या तासाला ऐकलेले आहे.

अशा शाळेत खेड्यातला मुलगा रोज ये-जा करून शिकेल, ही कल्पनाच नव्हती. जूनमध्ये बाप बैलगाडीतून त्याला पोचवायचा. सोबत अंथरूण, पितळी तांब्या आणि ज्वारीचे गाठोडे असायचे. मग तो मुलगा नातेवाइकाकडे, भाड्याच्या खोलीत किंवा कुणाच्या पडवीत राहायचा. काही मुले वार लावून जेवायची. दिवाळीला घरी गेला तर गेला. तेव्हा आईबापांची काळजी रस्त्याची नसून मुक्कामाची असायची : कोणाकडे राहतो, वेळेवर जेवतो का, आजारी पडला तर कोण बघेल. मुली या चित्रात जवळजवळ नव्हत्याच.

मोटारगाड्या मात्र संस्थानात आल्या होत्या. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये रस्ते वाहतुकीचा विभाग काढला आणि २७ बस व १६६ कर्मचाऱ्यांवर काम सुरू केले. देशातल्या सरकारी बससेवांच्या इतिहासात हे पाऊल फार लवकरचे मानले जाते. पण आडगावच्या शाळकरी पोराला त्या बसचा रोजचा उपयोग नव्हता. ती बघण्याची वस्तू होती.

मुक्कामी गाडी

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एस.टी. धावली. नगर म्हणजे आपल्या आष्टीच्या शेजारचा जिल्हा. पण तेव्हा मधे संस्थानाची हद्द होती आणि अलीकडे रझाकारांची धामधूम चालू होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९५१ मध्ये निजामाच्या रेल्वेचा बसविभाग हैदराबाद राज्य सरकारकडे गेला, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये मराठवाड्याची व विदर्भाची बससेवा एकत्र होऊन आजचे राज्य परिवहन महामंडळ उभे राहिले. दहा वर्षांत तीन राज्यकारभारांखाली गाडी धावली. पाट्या बदलल्या, भाषाही बदलली.

त्याच सुमारास, १ मे १९६२ला, जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. गावात चौथीपर्यंत शाळा, पाचवीला किंवा आठवीला शेजारच्या मोठ्या गावी जायचे, ही व्यवस्था याच काळात घट्ट झाली. ती होण्यामागे दोन हात होते. एक मोठ्या गावात हायस्कूल काढणाऱ्या शिक्षण संस्थांचा, दुसरा एस.टी.चा. खोली करून राहण्याची ऐपत नसलेला मुलगा आता सकाळी निघून संध्याकाळी घरी परत येऊ शकत होता. शाळकरी प्रवास रोजचा झाला तो इथून.

आपल्या पिढीची आठवण म्हणजे मुक्कामी गाडी. रात्री शेवटच्या गावाला पोचायची, ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात किंवा गाडीतच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी परत निघायची. तिच्यात दुधाच्या कॅन, दवाखान्याला निघालेली म्हातारी, कोर्टाच्या तारखेला निघालेले दोन भाऊ आणि आपण. महिन्याच्या भाड्याचा तिसरा हिस्सा भरून पास मिळायचा. तो प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कंपासपेटीत ठेवायचा, कारण खिशात ठेवला की घामाने शाई पसरायची.

त्या गाडीत लहान मुलांसाठी म्हणून काहीच केलेले नव्हते. पायरी मोठ्या माणसाच्या मापाची, वरचा दांडा हाताला न लागणारा. गर्दीत दप्तर छातीशी धरून उभे राहायचे आणि वळणावर पुढच्याच्या अंगावर जायचे. घाटात कुणाला तरी गाडी लागायची. मग लिंबू हुंगायला द्यायचे, खिडकीची जागा रिकामी करून द्यायची, हे उपाय प्रवासीच करायचे. तरी बहुतेक लेकरे सुखरूप घरी पोचायची, आणि त्याला कारण होते. त्या मार्गावरचा कंडक्टर महिनोन् महिने तोच असायचा. कोणत्या फाट्यावर किती पोरे चढतात हे त्याला पाठ असायचे. एखादे दिसले नाही तर तो विचारायचा, ‘आज धाकटं कुठंय रे?’ सगळे नीट उतरून रस्त्याच्या कडेला झाल्याशिवाय दोरी दोनदा ओढली जायची नाही. बरोबरच्या थोरल्या पोरांवर धाकट्यांची जबाबदारी असायची आणि ती कोणी लिहून दिलेली नव्हती. फाट्यावरचा चहावाला संध्याकाळी गाडी चुकलेल्या पोराला बाकड्यावर बसवून घ्यायचा आणि त्याच्या गावाकडे जाणाऱ्या ओळखीच्या सायकलवाल्याच्या हवाली करायचा.

या व्यवस्थेला फार सोनेरी मुलामा द्यायचेही कारण नाही. मागच्या शिडीला लोंबकळणे, चालत्या गाडीत उडी मारून चढणे, पावसाळ्यात नळकांडी पुलावरून पाणी वाहत असताना पलीकडे जाण्याची पैज लावणे हे सगळे आपल्यातल्यांनीच केलेले आहे. ओळखीचा आधार होता तो दिवसा आणि ठरलेल्या गाडीला. गाडी चुकली, उशीर झाला, अंधार पडला की तो आधार संपायचा. याची सर्वांत मोठी किंमत मुलींनी मोजली. आठवीपर्यंत आपल्या बाकांवर असलेल्या किती मुली दहावीच्या निरोप समारंभाच्या फोटोत नाहीत, हे जुना फोटो हातात घेऊन एकदा मोजून पाहावे.

मुलींचा पास आणि निळी गाडी

मुली शाळेतून गळतात त्याला गरिबी, लवकर लग्न, घरकाम अशी कारणे नेहमी सांगितली जातात. ती खरीच आहेत. पण या सगळ्यांच्या आधी आईच्या तोंडी एक साधा प्रश्न असतो : ती जाणार कशी आणि येणार कशी? राज्य सरकारच्या दोन योजनांनी या प्रश्नाला हात घातला.

पहिली अहिल्याबाई होळकर योजना. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास. सुरुवातीला ती पाचवी ते दहावीसाठी होती, नंतर बारावीपर्यंत वाढली. पाचवीपासूनच का, याचे उत्तर वर आलेच आहे. गावातली शाळा चौथीला संपायची आणि मुलीचे शिक्षणही अनेकदा तिथेच संपायचे. दुसरी योजना मानव विकास कार्यक्रमाची. २०११-१२ पासून मानव विकासाच्या निकषावर मागे असलेल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी खास बस देण्यात आल्या. तालुक्याला आधी पाच, पुढे सात. याच त्या निळ्या गाड्या. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना याच कार्यक्रमातून सायकली मिळाल्या.

या निळ्या गाडीत नवे काय होते? मोफत प्रवास आधीही होता. नवे हे की गाडीची वेळ शाळेच्या घंटेवर ठरवायची होती. नेहमीची एस.टी. बाजाराच्या, कचेरीच्या आणि दुसऱ्या गाड्यांच्या वेळा सांभाळत धावते. शाळा पाचला सुटते आणि गाडी साडेसहाला असते, तेव्हा तो दीड तास पंधरा वर्षांच्या मुलीने बसस्थानकावर काढायचा असतो. पालकांच्या जिवाला घोर असतो तो त्या दीड तासाचा. गाडीची वेळ शाळेशी जुळवणे हा सुरक्षिततेचा उपाय आहे, हे सरकारी कागदावर मान्य व्हायला एवढा काळ गेला.

आपल्या जिल्ह्यासाठी हा विषय किती जिव्हाळ्याचा आहे, ते एका आकड्यावरून कळते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, वीस ते चोवीस वयाच्या बीड जिल्ह्यातल्या शंभर स्त्रियांपैकी चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. याचे सगळे खापर प्रवासावर फोडता येणार नाही. पण शाळेची गाडी बंद पडली की मुलगी घरी बसते, आणि घरी बसलेल्या मुलीसाठी स्थळे यायला वेळ लागत नाही, हे आपल्यातले शिक्षक चांगले जाणतात.

याची परीक्षा करोनानंतर झाली. ४ ऑक्टोबर २०२१ला ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग पुन्हा उघडले. मुले शाळेत आली आणि महिनाही होत नाही तोच एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांमागे त्यांच्या घरांतली ओढाताण होती. तो वेगळा आणि मोठा विषय आहे. पण ते पाच-सहा महिने ज्या गावांना दुसरे वाहन नव्हते, तिथली मुले पायी, मोटारसायकलवर तिघे-चौघे, किंवा टमटमच्या मागच्या पट्टीवर बसून शाळेला गेली. उरलेली गेली नाहीत. लाल डब्याला नावे ठेवणाऱ्यांनाही तेव्हा कळले की बीड जिल्ह्याची सर्वांत मोठी स्कूल बस तीच आहे.

शाळेपासून दूर नेणारी गाडी

बीडच्या मुलांच्या प्रवासाविषयी लिहायचे आणि ऊसतोडीचा उल्लेख करायचा नाही, हे होणार नाही. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाचा ट्रक किंवा ट्रॅक्टर गावात लागतो. त्यात संसार भरला जातो : भांडी, कोयते, बाजेचे गाठोडे, शेळी, आणि सगळ्यात वर लेकरे. रात्रभराचा प्रवास, उघडी ट्रॉली, थंडी. शाळेची गाडी शाळेकडे नेते. ही गाडी वर्षातले पाच-सहा महिने शाळेपासून दूर नेते. आपल्या वर्गातही ऑक्टोबरनंतर काही बाक रिकामे व्हायचे आणि गुरुजी हजेरी घेताना ती नावे न थांबता वाचून पुढे जायचे.

यावर साखरशाळा झाल्या, गावातच मुलांना ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे झाली आणि २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत राज्यातल्या ४१ तालुक्यांसाठी ८२ वसतिगृहे मंजूर झाली. मूल गावात राहिले तर त्याचा तो धोक्याचा प्रवास टळतो आणि शाळाही सुटत नाही. मुलांना सुरक्षित नेण्याचा विचार करताना, कोणता प्रवास करायची वेळच येऊ नये, हाही विचार त्यात धरावा लागतो.

पिवळा रंग आणि नियमांची वही

आता पिवळ्या गाडीकडे येऊ. तिचा इतिहास अमेरिकेतल्या खेड्यांत सुरू होतो. तिथेही आधी मुले घोडागाड्यांतून आणि मिळेल त्या रंगाच्या मोटारींतून शाळेला जात. ग्रामीण शिक्षणाचे प्राध्यापक फ्रँक सायर यांनी एप्रिल १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजात एक परिषद भरवली. तेव्हाच्या सगळ्या ४८ राज्यांचे प्रतिनिधी सात दिवस बसले आणि शाळेच्या बसची ४४ मानके ठरली. भिंतीवर लिंबोणी पिवळ्यापासून लालसर नारिंगीपर्यंत रंगांच्या पट्ट्या टांगल्या होत्या. त्यातून निवडलेला पिवळा रंग पहाटेच्या आणि सांजेच्या अंधुक उजेडात लांबून दिसतो आणि त्यावर काळी अक्षरे ठळक वाचता येतात. मुले नेमकी त्याच वेळी रस्त्यावर असतात.

आपल्याकडे मात्र मानके ठरायला मोठा आघात घडावा लागला. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि दोन डझनांहून अधिक मुले बुडाली. त्यानंतर महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बससाठी आदेश दिले. गाडीवर पुढे-मागे ‘स्कूल बस’ लिहावे आणि भाड्याची असेल तर ती शाळेच्या कामावर असल्याची पाटी लावावी. खिडक्यांना आडवे गज, दाराला भरवशाची कडी, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, सीटखाली दप्तराची जागा, शाळेचे नाव आणि फोन नंबर. गाडीत मुलांकडे बघणारा एक माणूस. ड्रायव्हरला अवजड वाहनाचा निदान पाच वर्षांचा अनुभव. वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. हे सगळे वाचताना वाटते की प्रत्येक कलमामागे कुठल्या तरी गावी घडलेला एक प्रसंग असणार. गज आडवेच का, तर हात आणि डोके बाहेर काढण्याची खोड मोडावी म्हणून. दप्तराला जागा का, तर वाटेतली दप्तरे हीच चढता-उतरताना पाय अडकायची जागा म्हणून.

२०११ मध्ये महाराष्ट्राने स्कूल बससाठी स्वतंत्र नियम केले. त्यांतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट गाडीच्या बांधणीची नाही. प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी, तिचे अध्यक्षपद मुख्याध्यापकांकडे असावे आणि तीत पालक, पोलीस, परिवहन खाते, बसमालक यांचे प्रतिनिधी असावेत, असे त्या नियमांत आहे. म्हणजे फाटकाबाहेरचा प्रवास हीही शाळेचीच गोष्ट आहे, हे पहिल्यांदा लिहून ठेवले गेले. बसमध्ये महिला मदतनीस हवी, हेही त्यातच आले.

अडचण एवढीच की हे नियम गाडीला लागतात, मुलाच्या मागे जात नाहीत. शाळेची पिवळी बस परवडणाऱ्या घरच्या मुलाला गज, मदतनीस आणि कडी मिळते. त्याच वर्गातल्या, काळी-पिवळी जीपमध्ये मागे दार उघडे ठेवून बसलेल्या मुलाला यातले काहीच मिळत नाही. आणि पायी येणाऱ्याला तर नियमांच्या वहीत स्थानच नाही.

प्रवासी लहान होत गेला

या सगळ्या इतिहासाकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट ठळक दिसते. आजोबांच्या काळी शाळेसाठी घर सोडणारा मुलगा दहा-बारा वर्षांचा होता. आपल्या काळी पाचवीतला, म्हणजे दहा वर्षांचा, पण बरोबर गावची थोरली पोरे असायची. आज सकाळी सातला तालुक्याच्या गावाकडे निघालेल्या व्हॅनमध्ये नर्सरीतले तीन-चार वर्षांचे बाळ असते. शिक्षण हक्क कायद्याखालचे आपल्या राज्याचे नियम प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत असावी असे म्हणतात. पण पालकांचा ओढा इंग्रजी शाळांकडे गेला आणि गावातल्या शाळेचा पट घटला. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार सरकारने पुढे आणला आणि त्यासाठी पानशेत व तोरणमाळची उदाहरणे दिली. उद्या असे घडले तर पहिलीतले लेकरूही रोजचे प्रवासी होईल.

प्रवासी असा लहान होत गेला आणि जुनी राखण मात्र विरळ झाली. एका व्हॅनमध्ये सगळी सारख्याच वयाची बाळे असतात, त्यांत सांभाळणारा थोरला नसतो. फाट्यावरच्या चहावाल्याच्या ओळखीची ती नसतात. तीन वर्षांच्या मुलाला आपले पूर्ण नाव सांगता येत नाही, चुकीच्या थांब्यावर उतरलो हे कळत नाही आणि झोप लागली तर मागच्या सीटवर ते कोणाला दिसतही नाही.

म्हणून लहानांच्या प्रवासात थोरल्यांपेक्षा वेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतात. सर्वांत जास्त धोका गाडी चालत असताना नसतो, चढताना आणि उतरताना असतो. मोठ्या गाडीच्या अगदी पुढ्यात उभे असलेले लहान मूल ड्रायव्हरला उंच सीटवरून दिसत नाही. हातातली बाटली पडली की ते ती उचलायला वाकते, तोच क्षण घातकी. म्हणून उतरल्यावर मुलाला हाताला धरून रस्त्याच्या कडेला नेणारे माणूस लागते. मुलाला घराच्या बाजूलाच उतरवता आले तर रस्ता ओलांडायचा प्रश्नच मिटतो. घ्यायला ठरलेले माणूस आले नसेल तर मूल गाडीतच ठेवायचे, हा नियम कडक हवा. आणि फेरी संपल्यावर ड्रायव्हरने शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन पाहायचे. याला दोन मिनिटे लागतात.

आरामाच्या गोष्टी किरकोळ वाटतात, पण लेकरू शाळेला रडत जाते की हसत, हे त्यांवर ठरते. घाटातून येणाऱ्या मुलाला पोटभर दूध पाजून लगेच गाडीत बसवू नये. थोडे कोरडे खाणे, पुढची जागा आणि उघडी खिडकी यांनी गाडी लागण्याचे प्रमाण कमी होते. निघण्याआधी लघवीला पाठवावे. मार्च-एप्रिलच्या उन्हात पत्र्याची गाडी थांब्यावर उभी असली की आत भट्टी होते. तेव्हा मुलांना आधी चढवून गाडी उभी ठेवू नये. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत असावे, असा शासन निर्णय २०१५ मध्येच झाला आहे. पायरी चढताना तोल जातो तो बऱ्याचदा पाठीवरच्या ओझ्याने. आणि रोजचा प्रवास तासाहून लांबत असेल तर लहान मुलासाठी तो फारच झाला, असे समजून मार्ग बदलावा.

आपल्या हातात काय आहे?

स्नेहमेळावा झाला की शाळेला काहीतरी भेट देण्याची आपली पद्धत आहे. कमान, पाण्याची टाकी, प्रोजेक्टर, व्यासपीठ. या वेळी माझी एक सूचना आहे. आपल्या तुकडीने शाळेच्या वाटेकडे लक्ष द्यावे.

यासाठी फार पैसा लागत नाही. सुरुवात एका वहीने होईल. शाळेतले प्रत्येक मूल कोणत्या गावाहून, कशाने, किती वाजता निघून किती वाजता पोचते आणि संध्याकाळी कोण घ्यायला येते, एवढे शिक्षकांच्या मदतीने लिहून काढायचे. त्या वहीतून आपोआप कळेल की कोणत्या फाट्यावर निवारा नाही, कोणत्या गाडीची वेळ शाळेशी जुळत नाही आणि कोणत्या जीपमध्ये किती मुले कोंबली जातात. मग आपल्यातले जे आगारात, परिवहन कार्यालयात, पंचायत समितीत किंवा पोलिसांत आहेत, त्यांनी आपापल्या ठिकाणी बोलावे. एस.टी.च्या एका फेरीची वेळ वीस मिनिटांनी पुढे-मागे करायला आमदारांचे पत्र लागत नाही. शाळेचा लेखी अर्ज, मुलांच्या नावांची यादी आणि त्याचा पाठपुरावा लागतो. पास काढण्यासाठी मुलांचा दिवस बुडू नये म्हणून अलीकडे महामंडळ शाळेत येऊन पास देते. शाळेने वेळेवर याद्या दिल्या तर ते सहज होते. परिवहन समिती कागदावर असेल तर तिच्या बैठकीला माजी विद्यार्थ्यांपैकी एकाने नियमाने हजर राहावे. आणि जी मुले एकाच थांब्यावरून येतात, त्यांतल्या थोरल्याला धाकट्यांची यादी देऊन जबाबदारी सोपवावी. आपल्या वेळी न सांगता होणारे ते काम आता सांगून करून घ्यावे लागेल.

ज्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या भरवशावर आपण शिकलो त्यांची नावे आपल्यातल्या कित्येकांना आजही आठवत असतील. ती माणसे आता निवृत्त झाली आहेत, काही राहिली नाहीत. जे आहेत त्यांना या मेळाव्याला बोलवावे आणि गुरुजनांच्या रांगेत खुर्ची द्यावी, अशी संयोजकांना विनंती आहे. मार्ग, फाटा आणि वर्ष ज्याला जसे आठवेल तसे त्याने समितीकडे कळवावे. वहीचे काम हाती घ्यायला जे तयार असतील त्यांनी मेळाव्याच्या दिवशी जेवणानंतर पाचवीच्या वर्गात जमावे. गावातल्यांनी यावेच, बाहेरगावी असलेल्यांनी पहिल्या सहा महिन्यांसाठी एकेका गावाची माहिती फोनवरून गोळा करण्याचे काम घ्यावे. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी ती वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर असावी, एवढे ठरवू या.